रोडबाईकच्या गिअरच्या कोणत्या जोड्या टाळाव्यात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढे दोन चकत्या आणि मागे अकरा, अशी रोडबाईक डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. उदाहरणांसाठी पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या चकत्या धरल्या आहेत, आणि मागे ११, १२, १३, १४, १५, १७, १९, २१, २३, २५, २८ अशी कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच). ५०-२८ असं लिहिलं की पहिला आकडा पुढचा, दुसरा मागचा. तुमच्या सायकलचे दाते वेगळे असले तरी हिशेब करण्याची रीत हीच.

क्रॉस-चेनिंग म्हणजे नक्की काय?

पुढची मोठी चकती बाहेरच्या अंगाला असते आणि लहान चकती आत, फ्रेमजवळ. मागे याच्या उलट मांडणी असते: सगळ्यात मोठी चकती स्पोकजवळ, सगळ्यात लहान बाहेरच्या टोकाला. त्यामुळे पुढे मोठी आणि मागेही मोठी लावली, की चेन बाहेरून आत अशी तिरकी धावते. पुढे लहान आणि मागेही लहान लावली, की ती आतून बाहेर तिरकी जाते. या दोन टोकाच्या जोड्या आणि त्यांच्या शेजारच्या जोड्या वापरणं म्हणजे क्रॉस-चेनिंग.

तिरकी म्हणजे किती तिरकी? अकरा चकत्यांच्या कॅसेटमध्ये शेजारच्या दोन चकत्यांत साधारण ३.७ मिलिमीटर अंतर असतं. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३७ मिलिमीटर. पुढच्या दोन चकत्यांत सात-आठ मिलिमीटर. टोकाच्या जोडीत चेन सरळ रेषेपासून अंदाजे २२ मिलिमीटर बाजूला ओढली जाते, आणि तेही क्रँकपासून (पेडल जोडलेल्या दांड्यांपासून) मागच्या आसापर्यंतच्या जेमतेम ४१० मिलिमीटर अंतरात. कोन निघतो तीन अंशांच्या आसपास. ऐकायला किरकोळ वाटतं, पण चेनची कडी वर-खाली वळण्यासाठी केलेली असते. बाजूला वाकताना तिच्या पट्ट्या चकतीच्या दात्यांवर आणि एकमेकींवर घासतात, आणि पेडल फिरत असेपर्यंत हे सतत चालू राहतं.

सायकलला २२ गिअर आहेत म्हणून घेतली. मग ते सगळे का वापरू नयेत?

कारण त्यांतले बरेच गिअर एकच आहेत. पुढचे दाते भागिले मागचे दाते केले की गिअरचं गुणोत्तर मिळतं. ५०-२५ चं उत्तर २.००. आणि ३४-१७ चं? तेही २.००. पेडलच्या एका फेऱ्यात दोन्हींत चाक दोनदा फिरतं आणि ७०० बाय २५ टायर असेल तर सायकल साधारण ४.२ मीटर पुढे जाते. पायांना दोन्हींत काडीचाही फरक जाणवणार नाही. फरक फक्त चेनला आहे: ५०-२५ मध्ये ती जवळजवळ टोकाची तिरकी, ३४-१७ मध्ये जवळपास सरळ.

आणखी पाहा. ५०-२८ म्हणजे १.७९, ३४-१९ म्हणजेही १.७९. ३४-१३ म्हणजे २.६२, आणि ५०-१९ म्हणजे २.६३. ज्या जोड्या टाळायच्या, त्यांची जुळी किंवा अगदी जवळची बहीण दुसऱ्या चकतीवर सरळ चेनसह हजर असते. म्हणून त्या टाळण्यात गमावण्यासारखं काही नाही.

मोठ्या चकतीवर ११ पासून २३ पर्यंत नऊ गिअर, लहान चकतीवर १७ पासून २८ पर्यंत सहा. या पंधरांत सगळ्यात जड ४.५५ पासून सगळ्यात हलक्या १.२१ पर्यंतचा सगळा पल्ला येतो, मध्ये मोठी फट पडत नाही. २२ चा आकडा जाहिरातीत चांगला दिसतो, रस्त्यावर तुमचे पंधराच आहेत आणि ते पुरेसे आहेत.

मग नेमक्या कोणत्या जोड्या टाळायच्या?

पुढे ५० असताना मागची २८ टाळा. २५ थोड्या वेळापुरती चालेल, तिथे मुक्काम नको. पुढे ३४ असताना ११ आणि १२ पूर्णपणे टाळा, १३ सुद्धा शक्यतो नकोच. मोठ्या चकतीवर चेन सगळ्यात सरळ असते ती साधारण बाहेरून चौथ्या-पाचव्या चकतीवर, म्हणजे १४ किंवा १५ वर. लहान चकतीवर बाहेरून सातवीच्या आसपास, म्हणजे १९ वर. या दोन ठिकाणांच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन चकत्या मोकळेपणानं वापरा.

पाठांतराची गरज नाही. मोठ्या चकतीवर असताना मागच्या आतल्या दोन चकत्या सोडायच्या, लहान चकतीवर असताना बाहेरच्या तीन सोडायच्या, एवढं लक्षात राहिलं तरी काम होतं.

मोठी-मोठी आणि लहान-लहान यांत जास्त वाईट कोणती?

लहान-लहान, आणि याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दोन्हींत चेन जवळपास सारखीच तिरकी असते, पण बाकी सगळं लहान-लहान जोडीच्या विरोधात जातं.

पहिलं म्हणजे ताण. पायांचा जोर तेवढाच असेल तर ३४ च्या चकतीवर चेनवर येणारी ओढ ५० च्या तुलनेत सुमारे दीडपट असते, कारण चकतीची त्रिज्या कमी. दुसरं, वळण. ११ दात्यांच्या चकतीवर चढताना-उतरताना प्रत्येक कडीला जवळजवळ ३३ अंश वळावं लागतं, २८ दात्यांच्या चकतीवर फक्त १३ अंश. जास्त ओढ आणि जास्त वळण एकत्र आलं की घर्षण आणि झीज दोन्ही वाढतात. तिसरं, चेन आतल्या चकतीवरून बाहेर तिरकी निघते तेव्हा ती शेजारच्या मोठ्या चकतीच्या आतल्या अंगाला खेटते. त्या बाजूला चेन वर चढवून घेण्यासाठी छोट्या पिना आणि खाचा केलेल्या असतात. चेन त्यांना टेकली की टकटक आवाज येतो, आणि कधी कधी पिन चेनला धरून वर ओढू पाहते. शिवाय या जोडीत मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) पार दुमडलेला असतो, खालची चेन सैल पडते आणि खराब रस्त्यावर फ्रेमवर आपटत राहते.

मोठी-मोठी जोडी त्या मानानं सोशिक आहे. दोन्ही चकत्या मोठ्या, म्हणून कडीचं वळण कमी आणि ओढही कमी. छोटासा चढ आहे, माथा समोर दिसतो आहे, तेवढ्यासाठी ५०-२५ वर किंवा अगदी ५०-२८ वर काही पेडल मारली तर काही बिघडत नाही. शर्यतीत रायडर हे मुद्दाम करतात, कारण पुढची चकती बदलताना जोर कमी करावा लागतो आणि तेवढ्यात समोरचा निसटतो. पण त्यांच्या चेन मेकॅनिक वरचेवर बदलत असतात. आपली चेन आपल्यालाच पुरवायची असते.

चालवताना चेन तिरकी झाली आहे हे कसं ओळखायचं?

कानानं. सरळ चेनचा आवाज एकसारखा, बारीक सुर्रकन येतो. तिरकी झाली की त्यात करकर मिसळते, आणि पुढच्या डिरेलरचा पिंजरा, म्हणजे चेन ज्यातून जाते तो भाग, घासू लागला तर धातूची खरखर वेगळी ऐकू येते. मान वाकवून मागची चकती बघत बसू नका. मोकळ्या, सरळ रस्त्यावर क्षणभर नजर टाकणं ठीक आहे, रहदारीत अजिबात नाही. पुढची कोणती चकती चालू आहे ते मात्र नेहमी माहीत हवं, आणि ते खाली न बघता कळतं: उजव्या हातानं, म्हणजे मागच्या चकत्या बदलणाऱ्या लिव्हरनं, क्लिक करता करता गिअर संपत आले, की पुढची चकती बदलायची वेळ होऊन गेलेली असते.

ट्रिम केल्यावर आवाज बंद होतो. मग अडचण मिटली ना?

आवाज मिटला, कोन तसाच राहिला. ट्रिम म्हणजे डाव्या, पुढची चकती बदलणाऱ्या लिव्हरचा अर्धा क्लिक. त्यानं पुढच्या डिरेलरचा पिंजरा किंचित सरकतो आणि चेनला वाट मिळते. चेन कुठून कुठे जाते, यावर ट्रिमचा काहीच परिणाम होत नाही. ५०-२१ किंवा ५०-२३ वर चेन पिंजऱ्याला हलकी घासत असेल तर ट्रिम जरूर करा, ते त्यासाठीच आहे. पण ३४-११ वर ट्रिम करून शांतता मिळवणं म्हणजे तक्रार ऐकू येऊ नये म्हणून दार लावून घेणं. श्रॅम कंपनीच्या काही पुढच्या डिरेलरमध्ये पिंजरा सरकताना थोडा फिरतोही, त्यामुळे ट्रिमची गरज पडत नाही. इलेक्ट्रॉनिक डिरेलर ट्रिम आपोआप करतात. अशा सायकलवर आवाजाचा इशारा मिळत नाही, म्हणून तिथे जोड्यांकडे जास्त लक्ष हवं.

चढ लागला की पुढची चकती नेमकी कधी बदलायची?

सगळ्या प्रश्नांत हा महत्त्वाचा. क्रॉस-चेनिंग बहुतेक वेळा जाणूनबुजून होत नाही. पुढची चकती बदलायला उशीर होतो, आणि मग उजवा हात एकेक हलका गिअर टाकत टोकाला जाऊन पोचतो.

एक प्रसंग सावकाश बघू. सपाट रस्ता, ५०-१९, मिनिटाला ८५ फेरे, वेग ताशी २८ किलोमीटरच्या आसपास. चढ सुरू होतो. तुम्ही २१ वर येता, मग २३ वर. पाय जड होतात आणि बोट पुन्हा लिव्हरकडे जातं. इथेच थांबा. चेन कॅसेटच्या आतल्या अर्ध्यात आली आहे आणि चढ संपताना दिसत नाही, म्हणजे आता डाव्या हाताचं काम आहे.

मात्र फक्त पुढची चकती बदललीत, तर ५०-२३ वरून ३४-२३ वर याल. गुणोत्तर २.१७ वरून एकदम १.४८ वर. गिअर जवळजवळ एक तृतीयांश हलका होतो, पाय हवेत फिरल्यासारखे फिरतात आणि वेग तुटतो. म्हणून पुढे लहान चकती घेतली की लगेच मागे दोन क्लिक जड करायचे: २३ वरून २१, मग १९. आता ३४-१९, म्हणजे १.७९. चढावर वेग थोडा उतरलेलाच असतो, त्यामुळे हा गिअर पायांना बरोबर बसतो. चढ अगदी सौम्य असेल तर तीन क्लिक करून १७ वर या, म्हणजे गुणोत्तर २.००. सराव झाला की डावा आणि उजवा हात जवळजवळ एकाच वेळी चालतात आणि पायांना धक्का जाणवतच नाही.

बदलताना पेडल फिरतं ठेवा, पण अर्ध्या फेऱ्यापुरता जोर काढून घ्या. चेनवर पूर्ण ओढ असताना पुढचा डिरेलर तिला नीट ढकलू शकत नाही.

उशीर झाला, ५०-२८ वर आहे आणि चढ उभा आहे. आता काय करू?

आधी धोका समजून घ्या. मागे चेन सगळ्यात आतल्या चकतीवर आहे. अशा वेळी पुढे मोठीवरून लहानीवर टाकली की खाली येणारी चेन आधीच आतल्या बाजूला ओढलेली असते. ती लहान चकती चुकवून फ्रेमच्या बाजूला पडण्याची शक्यता इथे सगळ्यात जास्त असते. कॅसेटच्या मध्यावर असताना पुढची चकती बदला असं सांगतात, त्याचं मुख्य कारण हेच आहे.

तरी वेळ आलीच, तर दोन-तीन पेडल नेहमीपेक्षा जोरात मारा, थोडा वेग मिळवा, मग पाय एकदम हलके करून लिव्हर दाबा. चेन पडली तर घाबरून पाय थांबवू नका. हलक्या पायानं पेडल फिरवत डाव्या लिव्हरनं मोठी चकती मागा. बऱ्याचदा चेन तशीच वर चढून येते. पेडल अडलं मात्र, तर ताबडतोब थांबा आणि उतरून हातानं बसवा. अडकलेल्या चेनवर जोर केला की फ्रेमला खोल ओरखडे पडतात, आणि कार्बनच्या फ्रेमला ते परवडत नाही. चेन वारंवार आत पडत असेल तर पुढच्या डिरेलरचा आतल्या मर्यादेचा स्क्रू तपासून घ्या आणि चेन कॅचर बसवा. छोटीशी पट्टी असते, काम मोठं करते.

परत मोठ्या चकतीवर कधी जायचं?

लहान चकतीवर असताना मागे १५ वर आलात की तयारी करा, १४ ला पुढची चकती बदललेली असावी. ३४-१५ म्हणजे २.२७. तिथून मागे तीन क्लिक हलके करून २१ वर या आणि पुढे मोठी घ्या: ५०-२१, म्हणजे २.३८. पायांना एक साधा गिअर बदलल्याइतकाच फरक जाणवेल. मोठ्या चकतीवर चेन चढवताना डावी लिव्हर पूर्ण आत दाबा आणि चेन बसेपर्यंत धरून ठेवा. अर्धवट दाबून सोडणं हे चेन न चढण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. माथा ओलांडताना, उताराचा वेग येण्याआधीच हे उरका.

माझ्या सायकलला ५२/३६ किंवा ५३/३९ आहे. काही बदलतं का?

थोडंसं. ५३ वरून ३९ वर येताना गिअर सुमारे २६ टक्क्यांनी हलका होतो, ५० वरून ३४ वर येताना ३२ टक्क्यांनी. म्हणून ५३/३९ ला सौम्य चढावरही मागे दोन क्लिक पुरतात. ५२/३६ ची उडी ५०/३४ च्या अगदी जवळची आहे. पुढे तीन चकत्या असतील तर मधली जवळपास सगळ्या कॅसेटबरोबर चालते, बाहेरची फक्त बाहेरच्या अर्ध्याबरोबर आणि सगळ्यात आतली फक्त आतल्या अर्ध्याबरोबर वापरा.

पुढे एकच चकती असेल तर टाळण्याचा पर्याय उरत नाही. ती कॅसेटच्या मध्यासमोर बसवलेली असते, दोन्ही टोकांना चेन तिरकी होते आणि ते गृहीत धरूनच तिची बांधणी केलेली असते. टोकाच्या गिअरमध्ये फार वेळ जात असेल तर पुढच्या चकतीचे दाते कमी-जास्त करून घ्या.

कितीही लक्ष ठेवलं तरी मी ५०-२५ वरच सापडतो. काय चुकतंय?

बहुधा तुमचं काही चुकत नाही, सायकलचे गिअर तुमच्या वेगाशी जुळत नाहीत. ५०-२१ ला मिनिटाला ८५ फेरे मारले तर वेग ताशी साडेपंचवीस किलोमीटर होतो. तुमचा नेहमीचा वेग २० ते २४ असेल, तर तुम्ही नेमके दोन चकत्यांच्या सीमारेषेवर जगता आहात. मोठी चकती जरा जास्तच मोठी आणि लहान जरा लहान. अशा रायडरनं दिवसभर पुढची चकती बदलत राहावं हा सल्ला मला पटत नाही. पुढे ४८/३२ किंवा ४६/३० घ्या. मग मोठ्या चकतीवरच मध्यावरच्या चकत्यांवर सरळ चेननं बहुतेक वेळ जाईल. ४६-११ चं गुणोत्तर ४.१८ आहे, उतारावर त्याहून जड गिअर क्वचितच लागतो. फक्त फ्रेम, क्रँक आणि पुढचा डिरेलर यांना लहान चकत्या चालतात ना, ते आधी तपासून घ्या.

यानं चेन तुटते का? खरं नुकसान किती?

चांगली चेन तिरकी चालवल्यामुळे लगेच तुटत नाही. चेनच्या पट्ट्या, चकत्यांच्या दात्यांच्या कडा आणि पुढच्या डिरेलरचा पिंजरा हळूहळू झिजतात. प्रामाणिकपणे सांगायचं तर धूळ आणि वाळू मिसळलेलं काळं तेल चेनला याहून जास्त लवकर खातं. आधी चेन स्वच्छ ठेवा, मग कोनाची चिंता करा.

झीज मोजायला चेन चेकर वापरा. ११ आणि १२ चकत्यांच्या चेन ०.५ टक्के वाढल्या की बदलाव्यात, ९ आणि १० च्या ०.७५ पर्यंत. साधी पट्टीही चालते: चेनच्या दर दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच धरून २४ कड्या बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत. एक सोळांश इंच जास्त भरलं तर ती अर्ध्या टक्क्याची वाढ झाली. वेळेवर बदललेली चेन कॅसेट वाचवते.

मोठी-मोठी जोडी मी वापरतच नाही. मग चेन जरा आखूड असली तर चालेल?

नाही, अजिबात नाही. दमलेल्या अवस्थेत, चढावर, एक दिवस उजवा हात ती जोडी लावणारच. चेन आखूड असेल तर त्या क्षणी मागचा डिरेलर पूर्ण ताणला जाईल, त्याचा हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) वाकेल किंवा तुटेल आणि डिरेलर स्पोकमध्ये जाईल. नवी चेन घालताना ती डिरेलरमधून न नेता पुढच्या आणि मागच्या मोठ्या चकत्यांवरून गुंडाळा, आणि जिथे जुळते त्याच्यापुढे एक आतली आणि एक बाहेरची कडी, म्हणजे एक इंच, जादा ठेवा. बसवल्यावर स्टँडवर हातानं हळू पेडल फिरवत ५०-२८ लावून बघा. डिरेलरच्या पिंजऱ्याला अजून थोडी लवचीकता उरलेली दिसली पाहिजे.

मोठी कॅसेट घालताना डिरेलरची क्षमताही बघावी लागते. पुढच्या दात्यांतला फरक अधिक मागच्या दात्यांतला फरक: ५०/३४ आणि ११-२८ साठी १६ अधिक १७, म्हणजे ३३. ११-३४ घातली की तोच आकडा ३९ होतो, आणि आखूड पिंजऱ्याच्या डिरेलरला तो झेपत नाही.

इलेक्ट्रॉनिक गिअर असतील तर हे सगळं आपोआप होतं का?

तुम्ही तसं लावून ठेवलं तर. शिमानो कंपनीनं २००९ मध्ये रोडबाईकसाठी डीआयटू हे इलेक्ट्रॉनिक गिअर आणले. त्यात पुढे आलेल्या सिंक्रो शिफ्टमध्ये फक्त हलका किंवा जड गिअर मागायचा, पुढची चकती कधी बदलायची ते यंत्रणा ठरवते. त्याच्या अर्ध्या प्रकारात पुढची चकती तुम्ही बदलता आणि मागचे क्लिक ती जुळवून घेते. श्रॅमच्या बिनतारी गिअरमध्येही असे दोन प्रकार आहेत. मला अर्धा प्रकार जास्त आवडतो. चढावर उभं राहून जोर लावलेला असताना पुढची चकती आपल्या नकळत बदलावी, हे पायांना रुचत नाही.

लहान-लहान जोडीचा मग काहीच उपयोग नाही?

एक आहे. मागचं चाक काढायचं असेल तेव्हा आधी पुढे लहान आणि मागे सगळ्यात लहान चकती लावा. चेन सगळ्यात सैल होते, डिरेलर बाजूला ढकलता येतो आणि चाक सहज सुटतं. परत बसवताना चेनची वरची बाजू त्याच सगळ्यात लहान चकतीवर ठेवा, चाक आत सरकवा, आस घट्ट करा आणि निघाल्यावर पहिल्या काही पेडलमध्येच मागे १९ वर या.